अमर्याद जबाबदारी

३ जून, मंगळवार
कॉलेज सोडल्याचा पश्चात्ताप: शून्य. सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, मयूर, तू पुढे गवत उपटणार. तिथेच बॅग उचललेली. आता बघाच. लॉन केअरचा धंदा काढतोय. डोंबिवलीत सेकंडहँड मशीनही मिळालं.
फक्त कायदेशीर रूप ठरायचंय. त्यासाठी खोपटला सीएच्या ऑफिसात गेलेलो. तिथे निकोल आर्टिकलशिप करते, म्हणजे सीए व्हायच्या आधीची उमेदवारी. (धंद्याच्या आधी निकोल ठरलेली. हे फक्त इथे लिहितोय.) ती म्हणाली, अरे, मशीन एक, माणूस एक, प्रोप्रायटरशिप कर आणि उद्यापासून गवत काप. मी म्हटलं, घाई नको, सगळे पर्याय समजाव. समजावले. चहा दोनदा झाला.

५ जून
वन पर्सन कंपनीचं विचारायला गेलो. त्यात नॉमिनी लागतो. मी मेलो तर कंपनी त्याची. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. म्हणाली, आईचं नाव टाक. लाजली असावी.

६ जून
प्रायव्हेट लिमिटेड रद्द. ऑडिट, मीटिंगा. शिवाय तिच्या बॉसने विचारलं, सध्या किती लॉन आहेत हातात? म्हटलं, एकही नाही, पण टोन सांभाळा. बाहेर काढलं.
राग कमी करायचा. उद्यापासून.

७ जून, संध्याकाळ
सापडलं! पार्टनरशिप. दोघं लागतात. नफा वाटून घ्यायचा, एकाने केलेलं दुसऱ्याने निस्तरायचं, जबाबदारी अमर्याद. अमर्याद! हा कायदा लिहिणारा नक्की कुणाच्या तरी प्रेमात होता.
निकोलला फोन केला, माझी पार्टनर हो. म्हणाली, वेडा आहेस का, आर्टिकलशिप चालू असताना धंद्याला परवानगी लागते. म्हणजे अडचण परवानगीची आहे. माझी नाही.

८ जून, रविवार
परवानगी म्हणजे निकोलचे वडील. इस्त्रीचा शर्ट घालून माजिवड्याला गेलो. झेवियर अंकल चर्चमधून येऊन अंगणात बसलेले. गवत गुडघाभर. म्हटलं, अंकल, पार्टनरशिपचं बोलायचंय. आयुष्यभराची. अंकलचे डोळेच भरून आले. म्हणाले, काय सांगू पोरा, रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारतच नाय. मी तयार हाय! हात धरला तो सोडेचनात. तसं नाही, म्हणायला मी तोंड उघडलं, तर बर्नाडेट आंटीने त्यात केक कोंबला.

१० जून
डीड झालं, म्हणजे भागीदारीचा करार. 'झेवियर अँड मयूर.' निकोलने स्वतः टाइप केलं. तिच्या वडिलांच्या शेजारी माझं नाव. सुरुवात वाईट नाही.

२० जून
अंकल उजाडायच्या आत फोन करतात, पार्टनर, निघालास का? गुडघे त्यांचे दुखतात, मशीन मी ढकलतो. आधी त्यांचंच अंगण. निकोल तेव्हा झोपलेली असते. पण घर तर तेच.

२८ जून, शनिवार
अंकलनी नायजेल नावाचा मुलगा आणला. दंड बघण्यासारखे. मी बघितले नाहीत. म्हणे निकोलचा मित्र, याला तिसरा पार्टनर घेऊ. मी ठणकावलं, डीडप्रमाणे सगळ्या पार्टनरांची संमती लागते, आणि माझी संमती नाही. एवढी पॉवर डिग्रीवाल्यांनाही नसते.

२९ जून, रविवार
निकोलचा फोन. स्वतःहून! नाक्यावर भेटली. म्हणाली, प्लीज रे मयूर, नायजेलने कामधंदा धरल्याशिवाय पप्पा लग्नाला हो म्हणणार नाहीत. सगळं तुझ्या सहीवर अडलंय.
मी भर रस्त्यात ओरडणारच होतो. तेवढ्यात ती म्हणाली, तुझ्याशिवाय सांगू कुणाला?
पेन नव्हतं. तिनेच दिलं.

३० जून, सोमवार
सकाळी नायजेलकडून मशीन सुरू होईना. मी एका झटक्यात केलं. निकोल चक्क लवकर उठून गॅलरीत आलेली. बघत होती. नायजेलकडे.
एलएलपी म्हणून पार्टनरशिपचाच एक प्रकार असतो, त्यात जबाबदारी मर्यादित असते म्हणे. सविस्तर चौकशी करायला हवी.
चौकशी म्हणजे खोपटलाच जावं लागणार. शर्ट इस्त्रीला दिलाय.