गणपती चौथ्या मजल्यापुढे थांबले, त्याविषयी

भांडुप,
भाद्रपद शुद्ध सप्तमी

श्री. रा. रा. वासुदेवराव व्याही यांचे सेवेशी धोंडिरामाचा आदरपूर्वक नमस्कार. आपली प्रकृती, विहीणबाईंचा दमा आणि नव्याने आणलेली गाय या तिघांचेही कुशल कळवावे. आम्ही येथे सुखरूप आहोत. चतुर्थीच्या दिवशीचा काही मजकूर मोबाइलवरून आपल्या वाडीत पोहोचल्याचे कळते. म्हणून सत्य काय घडले ते लिहिणे मला भाग आहे.

आपली कन्या व आमची सून चि. सौ. अनुपमा हिने सोसायटीच्या गच्चीवर पवनचक्की बसवून घेतली, हे आपण जाणताच. आमची लिफ्ट आता त्या चक्कीवर चालते. वारा पडला की आवारातील जनरेटर आपोआप सुरू होतो. तो चालतो नळाच्या गॅसवर, आणि त्याच नळाचा गॅस सर्वांच्या शेगड्यांना येतो. (सबंध राज्याच्या विजेसाठी वारा आणि गॅस असेच एकमेकांशी जुळवणे, ही तिची नोकरी. तेथे सर्व जण तिचे ऐकतात.) तिने मला आदल्या दिवशीच बजावले होते, “बाबा, उद्या दहाच्या आत गणपती वर आणा. नंतर वारा पडणार, जनरेटर गॅस मागणार, आणि गॅस तर सगळा मोदकांखाली असणार.”

परंतु मी देवगडचा. मला वारा शिकवावा लागत नाही. गच्चीवर वाळत घातलेले माझे धोतर सकाळी असे काही फडफडत होते, की दुपारपर्यंत वारा पडणार नाही असा निर्णय मी जाहीर केला आणि त्या भरवशावर मूर्ती घेऊन आवाराला एक फेरी अधिक घातली. (दोन. शेजारच्या इमारतीतील मंडळी खिडक्यांत उभी होती.)

लिफ्ट चौथ्या मजल्यापुढे गेली आणि थांबली. जनरेटर सुरू झाला खरा, परंतु घरोघरी मोदक वाफेवर असल्यामुळे नळात गॅसचा जोरच उरला नव्हता. दोन आचके देऊन तोही गप्प झाला. आपल्याकडील रीत आपणांस ठाऊक आहे: हाती घेतलेली मूर्ती मखरात बसेपर्यंत मध्ये कोठेही टेकवायची नाही. मूर्ती दीड हाताची. तरीही माझ्या हातांना यत्किंचितही त्रास झाला नाही, हे मी येथे नमूद करतो. सोबत शेजारचे हर्षद झांज घेऊन होते. लिफ्ट थांबली तरी त्यांची झांज थांबेना, त्यामुळे बाहेरच्यांना बराच वेळ आम्ही आनंदात आहोत असे वाटले. वर सहाव्या मजल्यावर भटजी घड्याळ पाहत होते. बारापूर्वी बाप्पा बसले नसते, तर ते पुढच्या घरी निघून जाणार होते.

अखेर अनुपमा जिन्यात उभी राहिली. “सगळ्यांनी शेगड्या बंद करा. झाकणं उघडू नका. वाफ आत आहे तोवर मोदक शिजत राहतील. लिफ्ट वर आली की परत पेटवा.” एकेक मजला कुरकुरत बंद झाला. राहिली एकच शेगडी, आमची.

“आई, थोडाच वेळ,” अनुपमा म्हणाली.

“त्यांका ईचार गो, जिन्यान येवक काय झाला होता?” हा आमच्या सौ. द्रौपदीचा आवाज. लिफ्टमधून हर्षद यांनी झांज वाजवली.

“घोवासाठी नाय हां,” ती म्हणाली, “गणपतीसाठी बंद करतंय.”

जनरेटर धडधडला, लिफ्ट हलली आणि बाराच्या आत बाप्पा मखरात बसले. मोदक एकही फुटला नाही. सारांश, माझा अंदाज योग्यच होता. वाऱ्याने शिस्त पाळली नाही. आपल्या कन्येचा मला किती अभिमान वाटतो, हे मात्र तिला कळवू नये. ती आधीच माझे धोतर कचेरीत नेऊन टांगण्याची भाषा करते.

आपला नम्र,
धोंडिराम

ता. क. तिकडे वैद्यांकडे मिळणारे निर्गुडीचे तेल कृपया लवकर पाठवावे. सौ. द्रौपदीच्या गुडघ्यांसाठी हवे आहे. दोन्ही खांद्यांना पुरेल इतके पाठवावे.

पुन्हा ता. क. आज घरोघरी गौरीचे जेवण शिजत असून वारा पडला आहे. सबब हे पत्र पेटीत टाकण्यास अनुपमा जिन्याने नेत आहे. मला हात उचलता येत नसल्यामुळे पाकीटही तीच चिकटवणार आहे. तत्पूर्वी तिने आवाराच्या फेऱ्यांपाशी ‘दोन’ खोडून ‘तीन’ केले आहे. ते बरोबर आहे.