मिरचीचा हात

मंगळवार, संध्याकाळ

चार वाजता पुन्हा तेच. डाव्या डोळ्यामागं सळई खुपसल्यासारखं, अन् डोळ्यातून पाणी. पुलगावचे डॉक्टर म्हणाले होते, क्लस्टर डोकेदुखी आहे, पण गालाची नसही बिघडली असंन, तपासा लागंन.

कळ थांबल्यावर मिरच्या तोडाले गेलो. एक हातात फुटली, अन् तोच हात डाव्या गालाले लागला. आग झालीच नाई. ज्या गालाले वारा सहन होत नाई, त्याले मिरची काऊन समजली नाई? मग मुद्दाम उजव्याले लावला. लगेच पेटला.

"तोंड धुवा ना, काऊन असे बसून राह्यले?" बायको म्हणाली.

उजवा गाल अजून जळून राह्यला. डावा गप्प. नस मेली तर नसंन? आजपर्यंत म्हणत होतो, दुखणं जाऊ दे. आता त्याच गालावर थोडी आग मागून राह्यलो.