रेघेच्या आतली खेप

मु. शहाड, कार्तिक वद्य ७, शके १८०७

तीर्थरूप महिपतदादांस, धाकट्या पंढरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे सर्व खुशाल. महिनाभर तुमचे पत्र नाही, तेव्हा वहिनींकडून तुमचे कान धरवावेत असे आवडा म्हणते. मालनला दात येताहेत. दिवसभर आवडाच्या कडेवर असते, खाली ठेवली की गाव गोळा करते.

नदीच्या तरीवरच्या कारकुनीत मन रमले असे लिहिले होते, ते मागे घेतो. परवा माणसे आणि मिठाच्या गोणी मिळून नाव इतकी भरली की मोहन्याच्या डोहावर पाणी आत आले. धाकू नावाडी जुना माणूस; तो नको नको म्हणत होता आणि ठेकेदार म्हणत होता की आणखी दोन गोणी सहज बसतील. धाकू सांगतो, नुसती माणसे घेतली तर तीस, नुसत्या गोणी घेतल्या तर वीस, त्यापुढे नाव धोक्यात. पण दोन्ही मिळून आली की किती, याचा रोज तंटा. तुम्ही ठाण्याच्या शाळेत गणित शिकवता; असा पक्का नियम करून द्या की तो दाखवून मला नाही म्हणता येईल. नाव माझ्या डोळ्यांदेखत बुडेल ही धास्ती जेवतानाही सुटत नाही.

उत्तर लवकर धाडावे, एवढाच हट्ट.
आपला पंढरी

मु. ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध २

चि. पंढरीस महिपतचे अनेक आशीर्वाद. तू शाळेत असताना गणिताच्या तासाला पेरूच्या झाडावर सापडायचास, आणि आज गणित मागतोस, हे वाचून तुझी वहिनी पोट धरून हसली.

सोबत चौकटी आखलेला कागद आहे. आडव्या रेघेवर माणसे, उभ्या रेघेवर गोणी. आडवीवर तिसाशी आणि उभीवर विसाशी खूण करून दोन्ही खुणा सरळ रेघेने जोडल्या आहेत. तीन माणसांचा भार दोन गोणींएवढा, म्हणून माणसांची दुप्पट आणि गोणींची तिप्पट यांची बेरीज साठ किंवा साठाहून कमी हवी. रेघेची कोणती बाजू सुरक्षित? रिकामी नाव घे. बेरीज शून्य, म्हणजे आडवी आणि उभी रेघ मिळतात तो रिकाम्या नावेचा कोपरा ज्या बाजूला, ती बाजू आपली. ती मी हळदीच्या पाण्याने रंगवली आहे. खेप भरली की ठिपका दे. पिवळ्यात पडला तर नाव सोड. वीस माणसे आणि दहा गोणी म्हणजे सत्तर. तो ठिपका बाहेर, एकही वल्हे मारू देऊ नकोस. नेमका रेघेवर पडला तरी चालेल, म्हणूनच रेघ तुटक न काढता सलग काढली आहे. ठिपका नेहमी चौकटीच्या कोपऱ्यावरच येईल, कारण अर्धे माणूस नावेत बसत नाही.

खाली माझी सही केली आहे. ठेकेदारास दाखव. प्रकृतीस जप, आणि झाडावर चढू नकोस.
तुझा महिपत

मु. शहाड, पौष वद्य १२

तीर्थरूप दादांस सा. न. वि. वि. कागद चौकीच्या भिंतीवर लावला आणि ठेकेदाराचे तोंड बंद झाले. दोन महिन्यांत एकदाही पाणी आत आले नाही. मात्र आता तो पिवळे संपेपर्यंत भर म्हणतो; पूर्वी धाकूच्या नजरेने भरली की चार गोणी कमीच जात. धाकू कागदाकडे बघतही नाही, फळीवर पाणी कुठवर आले तेवढे बघतो. मी त्याला चिडवतो की तुला ठाण्याला शाळेत घालू.

मोजणीही सोपी आहे. उतारूची चिठ्ठी फाडली की एक माणूस. कडेवरच्या पोराची चिठ्ठी नसते, हा नदीचा जुनाच रिवाज. आपण दोघेही आईच्या कडेवरून फुकटच पार झालो. माघी चतुर्थीला आवडा टिटवाळ्याच्या गणपतीला जाणार आहे, मालनच्या दातांचा नवस फेडायला. त्या दिवशी गर्दी फार, पण आता भीती नाही.

वहिनींच्या लाडवांची वाट पाहणारा,
पंढरी

मु. ठाणे, माघ शुद्ध ६

चि. पंढरीस आशीर्वाद. चतुर्थीला शहाडची नाव उलटली असे बाजारात ऐकले. माणसे किती होती, गोणी किती होत्या, ते आकडे ताबडतोब लिही. ठिपका रेघेबाहेर गेला असलाच पाहिजे. मी हिशेब इथे पुन्हा दहा वेळा तपासला, त्यात चूक नाही.

एवढे लिहून झाल्यावर तुझी वहिनी रडत म्हणाली की आवडा आणि मालन कशा आहेत ते आधी विचारायचे होते. तिचे खरे आहे. दोघींचे लिही, आकडे मागाहून लिही.
महिपत

मु. शहाड, माघ शुद्ध ९

तीर्थरूप दादांस सा. न.

आवडा वाचली. धाकूने तिला केसांना धरून ओढून काढले. मालन दुसऱ्या दिवशी मोहन्याच्या डोहात मिळाली.

आता आकडे. उतारू अठरा, गोणी आठ. छत्तीस आणि चोवीस मिळून साठ. ठिपका नेमका रेघेवर. धाकू म्हणाला होता की नाव नेहमीपेक्षा खाली बसली आहे, ही खेप नको. मी त्याला हाताला धरून चौकीत नेले आणि कागद दाखवला. मग आवडाला मीच हात देऊन नावेत बसवले आणि एक चिठ्ठी फाडली.

मामलेदार येऊन गेले. कागद त्यांना फार पसंत पडला. नाव मर्यादेत होती, म्हणून चूक वल्ह्याची, असे लिहून त्यांनी धाकूला कचेरीत बसवून ठेवले आहे. उतारू अठरा, अठराही वाचले, असेही लिहिले. मेली ती चार पोरे, त्यांतली एकही वहीत नव्हती. माझ्याविषयी लिहिले आहे की कारकून दक्ष.

जत्रेची खेप, दादा. बायकांच्या कडेवर अकरा पोरे होती. घरोघर जाऊन मोजली. दोन पोरांचा भार एका माणसाएवढा धरला तर माणसे होतात साडेतेवीस आणि बेरीज एकाहत्तर. नवा ठिपका दिला आहे. तो पिवळ्याच्या बाहेर पडतो, आणि चौकटीच्या कोपऱ्यावरही येत नाही. अर्धे माणूस नावेत बसते. तुम्हाला ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, मी रोज बघत होतो.

उद्या कागद घेऊन कचेरीत जातो आहे. धाकूला सोडा आणि मला बसवा असे सांगणार. तुमची सही खोडलेली नाही. तुम्हालाही बोलावतील, तर यावे. आवडा कडेवर दुमडलेली गोधडी घेऊन बसते, खाली ठेवत नाही.

मालनची चिठ्ठी मी काल फाडली. नव्या ठिपक्यापाशी चिकटवली आहे.

वहिनींस नमस्कार. लोभ उरला असेल तर तो आवडावर करावा.
पंढरी