तांब्याखालची चिठ्ठी

संगिता,

आठच्या जीपने कासाला चाललोय, दवाखान्यात गुडघा दाखवायला. तू झाकून ठेवलेली भाकरी बांधून घेतली आहे. किल्ली शेजारी जमनाकडे आहे. काल तोंडी सांगणार होतो, जमलं नाही.

तुझं नाव आज तू लिहितेस तसंच, 'गि' ऱ्हस्व ठेवून लिहिलंय.

पहाटे चिकूच्या बागेत कामाला निघताना तू माझ्यासाठी तांब्याखाली चिठ्ठी ठेवायचीस. मी तिच्यातल्या चुकांवर लाल पेनने गोल करून, दहापैकी मार्क देऊन ती परत तिथेच ठेवायचो. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, हात थांबत नाही. दिवाळीपासून तू चिठ्ठी ठेवणं बंद केलंस. वापीला कामाला असलेल्या तुझ्या जतीनला मोबाइलवर काहीबाही लिहीत बसतेस, ते पडवीतून दिसतं. मी मात्र रोज सकाळी तांब्या उचलून बघतो.

तुझ्या जुन्या चिठ्ठ्या मी वहीत जपून ठेवल्यात. काल त्या काढून बसलो होतो. एकीत तू लिहिलंयस, "बाबा तुम्ही रातभर कन्हत होता. गुडगा लय दुकतो का? तेल गरम करुन ठेवू का?" त्यावर माझे पाच गोल आहेत आणि खाली दहापैकी पाच मार्क. उत्तर कुठेच नाही.

ते आज देतो. हो पोरी, दुखतो. तेव्हाही दुखत होता.

संध्याकाळी तेल गरम करून ठेव.

बाबा