डावा गाल, उजवा गाल आणि त्रिवेणीची अट

३ मे २००४
दिलसुखनगरला डॉ. अनुराधांकडून बसलेल्या गालफडांत फिलर भरून घेतलं. सुईला ओरडलो नाही. फक्त कंपाउंडरचं बोट पिरगाळलं. पंधरा दिवस गाल चोळायचे नाहीत म्हणाल्या. १६ तारखेला त्रिवेणीशी साखरपुडा. तिची एकच अट, मारामारी नक्को. संकल्प: आजपासून कोणावर हात उचलायचा नाही. बोट संकल्पाच्या आधीचं, धरायचं नाही.

५ मे
यादगिरीकडे दाढी. मग नेहमीप्रमाणे तेल, चंपी, गालांवर चापट्या. चोळणं वेगळं, मालिश वेगळी.

८ मे
डावीकडे जबड्यापाशी गोटी आलीय. ऑफिसात गौतमनं विचारलं, गालात सुपारी धरलीस का. डोक्यात टिफिन घातला. त्याला दोन टाके. हात उचलला नाही, टिफिन उचलला.

१० मे, सकाळी ११
डॉक्टरबाईंनी माल भेसळीचा वापरला, दुसरं काय! क्लिनिकचं काचेचं दार फोडलं. लाथेनं. बाई शांत. म्हणाल्या, सोनोग्राफी करा, काय कुठे सरकलंय ते दिसेल. घाबरल्यात.

१२ मे
कुकटपल्ली, सोनोग्राफी सेंटर. सोनोग्राफी म्हटली की पोटभर पाणी, हे शेंबडं पोरही सांगेल. आठ ग्लास प्यायलो, दाबून धरलं. नंबर तेविसावा. एका गरोदर बाईचा नवरा मध्ये घुसला. बायकोला बसवत नाही म्हणे. मला तरी कुठे बसवत होतं? कॉलर धरली. त्यानं उजव्या गालावर ठोसा हाणला, तोंडात रक्त. मी खुर्ची घातली. खुर्ची मोडली.
आतल्या बाईंनी विचारलं, गालाच्या तपासणीला पाणी कोणी प्यायला सांगितलं? उत्तर द्यायला थांबलो नाही, आधी संडास गाठला. मग त्यांनी गालांना जेल लावून यंत्र फिरवलं. गाल कोणी चोळले का? कोणी नाही, म्हटलं.
आरशात पाहिलं. दोन्ही गाल सारखे झालेत. उत्तम.

१४ मे
त्रिवेणी जामबाग मोहल्ल्यातून आली. तोंडाला काय झालं, कुणाशी भांडलात काय, म्हणाली. डॉक्टरची चूक, हा पुरावा, असं म्हणून रिपोर्ट हातात दिला. मी शिक्का तेवढा पाहिला होता. ती शाळेत शिकवते, सवयीनं मोठ्यानं वाचते. डावीकडे फिलर चोळल्यामुळे खाली सरकलंय. उजवीकडे फिलर जागेवर, वर ताज्या माराची सूज. पेशंटनं मारामारी आमच्याच हॉलमध्ये केली.
तिनं घडी घालून रिपोर्ट टेबलावर ठेवला. १६ तारखेला कोणी येणार नाही म्हणाली, आणि गेली. खुर्ची उचलली होती. परत ठेवली.

१६ मे
सूज उतरली. राग येत नाहीये, नुसतं वाईट वाटतंय. दिवसभर कोणावर हात उचलला नाही. घरी कोणी आलंच नाही.