अंगठ्यात न मावलेला टेम्पो

टेमघर, भिवंडी
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

ती. सरोजिनीआत्यास,

आल्हादचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. वाकलं की अजून खोकला उसळतो, त्याचं कारण पुढे येईलच.)

तुझं दिवाळीचं पत्र आणि कडबोळ्यांचा डबा मिळून सव्वा महिना झाला आणि मी पोचसुद्धा दिली नाही, याची लाज आधी नोंदवतो. रोजनिशीच्या पानाखाली ‘उद्या’ असं लिहून त्यापुढे एकच काम मांडायची माझी सवय तुला ठाऊक आहे. नोव्हेंबरात ‘आत्याला पत्र’ हे काम अकरा वेळा आलं आहे. कडबोळी मात्र पहिल्या ‘उद्या’च्या आतच संपली. आतोबांचा गुडघा कसा आहे? तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं का? नीरजा आणि आमची लेक तनया बऱ्या आहेत. माझ्याशी त्या थोडं कमी बोलतात, पण तेही योग्यच आहे.

तू गुरुवारपासून घरच्या ग्रुपवर माझा जो फोटो फिरवते आहेस, त्याबद्दल लिहायला बसलो आहे. उलटलेला टेम्पो, पांढरा धूर आणि नाकाला रुमाल लावून त्यात शिरणारा मी. खाली तू लिहिलं आहेस, ‘कोणी मागे ओढत असतानाही पुढे! आमच्या घराण्याचं रक्त!’ फोटो खरा आहे. रक्ताचं नंतर बघू. एवढं आधीच सांगून ठेवतो, की या सगळ्यात भरत नावाच्या एका फायरमनची नोकरी अडकली आहे आणि ती माझ्यामुळे अडकली आहे. म्हणजे मध्येच मी गमती सांगायला लागलो, तरी तू भरतवरची नजर काढू नकोस. मला सवय आहे तशी.

झालं असं, की मी केमिस्ट्री शिकवतो एवढ्या भांडवलावर मला गुरुवारी धामणकर नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय, घातक रसायनांचा अपघात झाला तर पहिल्यांदा पोचणाऱ्यांनी काय करावं. समोर फायरमन, वाहतूक पोलीस आणि रुग्णवाहिकांचे ड्रायव्हर. मी फार छान बोललो. (हे मी त्या दिवशी जेवायच्या आधीच रोजनिशीत लिहिलं होतं, आता ते पान उघडवत नाही.) लांब थांबा, वारा पाठीवर घ्या, डब्यात काय आहे ते कळेपर्यंत पाणीसुद्धा मारू नका, लेबल दुर्बिणीतून वाचा. वाचवायला धावत गेलेला माणूस वाचवायच्या माणसांत एकाची भर घालतो, हे वाक्य मी दोनदा म्हटलं. मग अंगठ्याचा नियम. हात लांब करायचा, अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा. अपघाताची सगळी जागा अंगठ्याआड गेली तर अंतर ठीक. कडेनं काही दिसत असेल तर आणखी मागे सरकायचं. साठ माणसं एक डोळा मिटून माझ्याकडे अंगठे रोखून बसली होती. मी पुरता झाकला गेलो असणार, कारण सगळे समाधानी दिसत होते.

भरत तिसऱ्या रांगेत होता. खारबावजवळच्या पाड्यावरचा, तिशीतला, सात वर्षं ठेक्यावर काम करणारा. त्यानं विचारलं, वारा कुठून येतो ते कसं ओळखायचं? मी विमानतळावरच्या कापडी पिशवीचं चित्र दाखवलं. तो म्हणाला, “तसलं इथं काय न्हाय सर. आम्ही वायरीवरचं तूस बघतो.” (आमच्याकडे लूमच्या कारखान्यांतून उडालेलं कापसाचं तूस तारांना, जाळ्यांना, झाडांना लोंबत असतं. वारा कुठला ते शेंबडं पोरही सांगेल. मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं.) हॉल हसला. मग त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, “सर, तुम्ही सोता कधी गळती बघितलीय?” मी म्हणालो, “अनेकदा.” आत्या, आमच्या न्हाणीघराची सोडली तर मी एकही गळती पाहिलेली नाही. मला तिथेच ‘नाही रे’ म्हणता आलं असतं. मग शाल-श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या, पण तो प्रश्न जेवताना पुरीबरोबर घशात उतरेना.

जेवण चालू असतानाच नाक्याच्या अलीकडे टेम्पो उलटल्याची बातमी आली. फायरमन धावले. मीही धावलो, मला कोणी बोलावलं नव्हतं. टेम्पोतून निळे डबे रस्त्यावर पडले होते, एक फुटला होता आणि गटाराच्या पाण्यात त्यातली पांढरी पूड धुमसत होती. (ते ‘हायड्रो’ होतं हे नंतर कळलं. कापड रंगवण्याच्या कारखान्यात लागतं. ओलं झालं की आपोआप तापतं आणि घसा आवळणारा वायू सोडतं.) मी पोचलो तेव्हा भरतनं दोरी बांधली होती, माणसं वारा येत होता त्या अंगाला नेली होती आणि बादल्या घेऊन आलेल्या दुकानदारांना तो आडवा आला होता. “पानी मत डालो भाई, पहले माल क्या है वो तो समझने दो!” सकाळी मी बोललो होतो ते तो दुपारी जसंच्या तसं करत होता. शिक्षकाला याहून काय हवं? मला वाईट वाटलं. हे लिहिताना पेन अडतं आहे, पण वाटलं.

लेबल वाचायला दुर्बीण हवी होती. ती मीच दाखवायला आणली होती आणि हॉलमध्ये नारळाखाली विसरलो होतो. भरत म्हणाला, “माणूस पाठवलाय सर, दोन मिनिटं थांबा.” मी दोरीपाशी गेलो. त्यानं हात लांब केला, डोळा मिटला आणि सगळ्या नाक्यासमोर म्हणाला, “सर, टेम्पो अंगठ्यात मावत न्हाय अजून. मागं या.” शेअर रिक्षावाले हसले. आणि मी दोरीखालून वाकून आत गेलो. लेबल वाचायला गेलो असं मी तीन दिवस स्वतःला सांगितलं. मी ‘अनेकदा’ हा शब्द खरा करायला गेलो होतो. वर तारांवरचं सगळं तूस माझ्याकडे बोट दाखवत होतं.

लेबल मला दिसलंच नाही, कारण डोळे उघडेनात. श्वास घेतला तर आत काही जाईना. मास्क गाडीवर होता आणि तो चढवायला वेळ लागतो. भरत तसाच आत आला आणि त्यानं माझी कॉलर धरली. फोटोच्या कोपऱ्यात तुला जो हात दिसतो, तो त्याचा. तो मला अडवत नव्हता आत्या, तो मला जिवंत बाहेर काढत होता.

पुढचं सांगतो. ‘कपडे आधी, लाज नंतर’ असंही मी सकाळी शिकवलं होतं. रिक्षा स्टँडच्या आडोशाला (आडोसा म्हणजे एक रिक्षा) माझे कपडे उतरवले आणि चौकड्यांच्या चड्डीवर मला नळीनं धुतलं. प्रवासी सूचना करत होते, “बगल में मारो, बगल में!” एकानं जवळ येऊन विचारलं, “सर, तुम्ही आम्हाला बारावीला होतात ना?” मी होय म्हटलं. अंगावर घालायला कोरडं एकच वस्त्र निघालं, माझी सत्काराची शाल. ती गुंडाळून मी घरी आलो. भरत दोन रात्री रुग्णालयात ऑक्सिजनवर होता.

आणि आता त्याला ठेकेदाराची नोटीस आहे: मास्क न घालता आत गेला, नेमलेली दोरी सोडली. दोन्ही खरं आहे. का गेला, ते कागदावर फक्त माझ्या जबाबातून येऊ शकतं, आणि जबाब मी शुक्रवारीच अग्निशमन केंद्रात देऊन आलो. त्यातलं वाक्य असं: ‘परिस्थितीचा अंदाज घेताना मी किंचित पुढे सरकलो असता मला सुरक्षित स्थळी हलवण्यात आलं.’ कोणी हलवलं? जणू झुळकीनं. आणि ‘किंचित’ म्हणजे बत्तीस पावलं. शनिवारी जाऊन मोजली. चहावाला विचारत होता, “क्या खो गया सर?”

रविवारी भरतची आई, बायडीबाई, खारबावहून आली. मला वाटलं जाब विचारेल. तिनं पिशवीतून अडुळशाच्या काढ्याची बाटली काढली. “पोरगा बोलतो सरास्नी खोकला लय हाय. दिसातून दोनदा घ्या.” भरतनं तिला दोरीचं काही सांगितलं नव्हतं, सर धुरात सापडले, एवढंच. दारात चपला घालताना ती म्हणाली, “तेवढं त्याच्या कामाचं बघा. तुम्ही शिकलेली मानसं, तुमचं लिवलेलं लोक वाचत्यात.” काढा कडू आहे. मी दिवसातून तीनदा घेतो.

भरतच्या नोकरीचा निर्णय उद्या दुपारी आहे. आतोबांना नमस्कार, तुला पुन्हा एकदा.

तुझा,
आल्हाद

ता. क. खरं काम राहिलंच. बावीस तारखेला ज्ञातीच्या मंडळात तू माझा सत्कार ठरवला आहेस, तो रद्द कर. तब्येतीचं कारण सांग.

ता. क. २. तब्येतीचं सांगू नकोस. हे पत्रच तिथे वाचून दाखव. (चड्डीचं गाळलंस तरी चालेल.) तू वाचशील, म्हणजे मला बोलावं लागणार नाही, असा माझा बेत होता. तोही नको. मी येईन आणि मीच वाचीन. आणि ‘जाऊ दे रे, होतं असं’ हे तुझं नेहमीचं वाक्य मला लिहू नकोस. चार पानं मी बहुधा त्याच्याचसाठी लिहिली.

ता. क. ३. नीरजानं हे सगळं वाचलं. ती म्हणाली, “नाशिकला आत्यांना एवढं लांबलचक कळवलंस, अग्निशमन केंद्र इथून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.”

उद्या: सकाळी दहाच्या आत केंद्रात जाऊन जबाबातलं ‘किंचित’ खोडणे, ‘बत्तीस पावलं, भरतनं अडवलं असताना’ असं लिहिणे.