वाळूवरची चूल

बुरोंडी, ता. १०-९-१९३४

ती. लवूमामांस शकूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आजीला आताशा चूलही धड दिसत नाही, तेवढी काळजी.

मुलांच्या मासिकात आलेली तुमची गोष्ट घरात वाचून दाखवली. राजकन्या राक्षसाच्या बेटावर रडत बसते आणि राजपुत्र होडी घेऊन येतो, हे आईला पटलं नाही. तिने विचारलंय की हिला हात नव्हते का.

आई सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजाराला जाते. म्हणून दिवाळीनंतर माझी शाळा बंद, घरी रांधायला मी, असं बाबांनी ठरवलंय. मला फार वाईट वाटतं. बाबांच्या मासेमारीच्या होडीला बाईमाणसाचा पाय लागू देत नाहीत, म्हणून तिथे भात-कालवण बाबाच करतात आणि खलाशी बोटं चाटतात. वाळूवर उतरले की हात विसरतात. हा कोणता शाप, मामा? तुमचा राक्षसांशी घरोबा, म्हणून विचारते.

उत्तराची वाट पाहते.

आपली, शकू

मुंबई, ता. १८-९-१९३४

चि. शकूस अनेक आशीर्वाद.

मला फणसावर चढवून खाली काठी घेऊन उभी राहायची ती तुझी आईच. तिला राजकन्येची दया कुठून येणार? छापखान्यात दिवसभर अक्षरांचे खिळे जुळवतो, पण ही गोष्ट नव्याने जुळवताना घाम फुटला. आता राजकन्याच पोफळीच्या झावळीच्या रुंद विरीची होडी करून राजपुत्राला सोडवायला निघते. चेटकिणीचा त्याला शाप आहे: समुद्रावर सुगरण, वाळूवर पाय पडताच हात लाकडाचे.

शाप सुटतो कसा, ते सुचत नाही. मी खाणावळीत जेवणारा. शेवट तूच लिही. भावोजींना वाचून दाखवताना दाराजवळ बस, पळायला बरं.

तुझी शाळा सुटू नये असं मलाही मनापासून वाटतं. पण इथून उपदेश केला तर भावोजी मलाच होडीवर नेतील, आणि मला समुद्र लागतो.

आक्काचा राग निवला असल्यास नमस्कार सांग.

तुझा, लवूमामा

बुरोंडी, ता. १५-१०-१९३४

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

शेवट लिहिला. राजकन्या होडीवरची चूलच उचलून वाळूवर आणते. समुद्र संपला हे चुलीला कुठे ठाऊक? ती पेटते आणि राजपुत्राचे हात हलतात.

गोष्ट बाबांना वाचून दाखवली. मी दाराजवळच होते. मग त्यांनी विचारलं, त्या राजपुत्राने कालवणात तिरफळं घातली का. मी म्हटलं, तसं लिहिलं नाही. ते म्हणाले, मग त्याला काय डोंबल रांधता येतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर होडीवरची चूल अंगणात, आणि बाबा बांगडे साफ करतायत. शेजारचा बाळा हसला, त्याला कांदे चिरायला बसवलं. बाबा म्हणतात, होडी किनाऱ्याला असेल तेव्हा चूल त्यांची, नसेल तेव्हा आई आधी रांधून बाजाराला जाईल. शकूने शाळा चुकवायची नाही. मी रडले, तुमच्या जुन्या राजकन्येसारखी.

कालवण खारट झालं होतं. आजी म्हणाली, शाप अजून थोडा उरलाय. आई बाजारातून आली. रिकामी पाटी बाजूला ठेवून जेवायला बसली आणि दुसऱ्यांदा कालवण मागून घेतलं.

दिवाळीला यावे. तुम्हालाही कांदे चिरायला बसवतील. लोभ आहेच, तो मिठासारखा बेताचा नसावा.

आपली, शकू